कार्यक्रमाच्या आदल्या रात्री कीबोर्डची मिडी सेटिंग: तयारीची यादी

१४ एप्रिलच्या अलीकडं-पलीकडं भीमगीतांचे कार्यक्रम, त्यातच लग्नसराई, कुठं उरूस कुठं जत्रा, आपल्या नांदेड-परभणी-लातूर पट्ट्यात त्या दिवसांत कीबोर्डवाल्याला दम नसतो, आणि दरवेळी तेच बघायला मिळतं, पडदा उघडायची वेळ झालेली असती आन् कीबोर्डवाला खाली वाकून मेनू चाळायलाय, निवेदक बिचारा हॅलो हॅलो करत वेळ काढायलाय. मिडी म्हणजे कीबोर्ड, पॅड, लॅपटॉप यांनी एकमेकांना कुठली नोट वाजवायची ते सांगायची सोय, आणि तिची सेटिंग घरीच उरकायची असती. वर्कस्टेशन (म्हणजे आपला मेन कीबोर्ड), एक ऑक्टापॅड (काठीनं वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड), शेजारी दुसरा कीबोर्ड आणि ट्रॅकसाठी लॅपटॉप, असा जो आपला नेहमीचा सेट असतो तो धरूनच लिहितोय, कंपनी कुठलीबी असू द्या.

हात लावायच्या आधी बॅकअप घ्या. पेनड्राईव्ह कीबोर्डमधीच फॉरमॅट करा आणि सगळा डेटा सेव्ह करून बाजूला ठेवा. मिडीचं पान कोर्गला ग्लोबलमधी, रोलँडला सिस्टिममधी आणि यामाहाला युटिलिटीमधी असतं. बऱ्याच मॉडेलला तिथं केलेला बदल राईट, म्हणजे सेव्ह, केल्याशिवाय टिकत नाही, म्हणजे तासभर बसून सगळं लावलं, राईट दाबलं नाही आन् लाईट गेली की परत पहिल्यापासून. आणि आपल्याकडच्या लाईटचं मी काय सांगू. म्हणून दर दोन बदलाला एकदा राईट.

मग वायरी. पाच पिनच्या मिडी केबलमधून आवाज जात नाही, कुठली पट्टी किती जोरात दाबली एवढी माहिती जाते, त्यामुळं ऑडिओचे जॅक मिक्सरला वेगळे लागतातच (हे सांगायला लागतं, हसू नका). ऑक्टापॅडच्या आऊटमधून कीबोर्डच्या इनमधी, आणि कीबोर्डला आलेली माहिती जशीच्या तशी पुढं पाठवायची असली तर थ्रू. केबल १५ मीटरच्या आत ठेवा, जॉइंट मारून लांबवू नका. मिडी १९८३ पासूनचं आहे, त्यामुळं ऑक्टापॅड जुना सेकंडहँड आणि कीबोर्ड नवा कोरा असला तरी दोघांचं जमतं.

चॅनलचं मात्र नीट बसून करा, कारण मिडी बिघडलं बिघडलं म्हणून जी बोंब होती त्यातली निम्मी इथलीच असती. मिडीचे चॅनल एकूण १६, ज्या चॅनलवर नोट पाठवली त्याच चॅनलवरचा साऊंड वाजतो. वाजवायचा मेन साऊंड १ वर, दुसरा कीबोर्ड २ वर, ऑक्टापॅड १० वर, कारण जनरल मिडीत (सगळ्या कंपन्यांनी धरलेल्या सामाईक नियमात) ड्रमला १० च ठरलेला आहे. कॉम्बी किंवा परफॉर्मन्समधी, म्हणजे बरेच साऊंड एकत्र लावलेल्या सेटमधी, ज्या पार्टला ड्रम किट टाकलाय त्याचा चॅनलपण १० पाहिजे, नाहीतर पॅडवर काठी पडली की स्ट्रिंग वाजती. ओम्नी ऑन असेल तर बंद करा, ते सगळ्याच चॅनलचं ऐकतं. मग एकेक पॅडचा नोट नंबर बघा: किक ३६, स्नेअर ३८, बंद हायहॅट ४२, उघडा ४६. हलगी-संबळाचे सॅम्पल तुम्ही भरले असतील तर ते कुठल्या नंबरवर टाकलेत ते लिहून ठेवा, आणि नंबरच लिहा, कारण ६० नंबरच्या नोटला यामाहा सी३ म्हणतं आणि रोलँड-कोर्ग सी४, अक्षरावर गेलात तर एक सप्तक इकडंतिकडं होतं. पॅडचा गेट टाईमबी (मारल्यावर नोट किती वेळ चालू राहती ते) बघा, फार कमी असला तर हलगीची घुमक अर्ध्यातच तुटती.

आता ट्रान्सपोज, म्हणजे बोटं तीच ठेवून सूर वरखाली करणं. गायक घरी पांढरी चार म्हणतो, स्टेजवर गळा बघून म्हणतो काळी एकला घ्या. आपली बोटं पांढरी एकची, म्हणून ट्रान्सपोज प्लस एक केलं. आता वर्कस्टेशन जर चढवलेलीच नोट बाहेर पाठवत असेल आणि दुसऱ्या कीबोर्डवरबी तुम्ही प्लस एक करून ठेवलं असेल तर तो पांढरी दोनला वाजतो आणि गायक तुमच्याकडं बघायला लागतो. ट्रान्सपोज एकाच ठिकाणी करा, दुसरा शून्यावर. कोर्गच्या मोठ्या वर्कस्टेशनला प्री-मिडी आणि पोस्ट-मिडी असा पर्याय असतो. प्री-मिडीला तुमच्या पट्ट्यांचीच नोट चढती, बाहेरून आलेली तशीच राहती, म्हणून ऑक्टापॅड लावला असेल तर प्री-मिडीच ठेवा. दुसऱ्या कंपनीचा असेल तर प्लस एक करून पॅड मारून बघा, किकच्या जागी टिक् असं वाजलं तर ३६ चं ३७ व्हायलंय हे समजून घ्या. आणि पेटीशी सूर मिळवायचा असेल तर मास्टर ट्यून दोन्ही कीबोर्डवर हातानंच सारखं करा, नोट नंबरासोबत ते जात नाही.

लॅपटॉप असेल तर लोकल कंट्रोल बघावं लागतं, म्हणजे कीबोर्डच्या पट्ट्यांनी त्याचाच आवाज थेट वाजवायचा का नाही ते. लोकल ऑन आणि सॉफ्टवेअरबी नोट परत पाठवायलंय म्हटल्यावर एक पट्टी दाबली की दोनदा वाजती, आवाज नाकातून आल्यासारखा होतो आणि पॉलिफोनी (एका वेळी किती नोट वाजू शकतात ती) निम्म्यावर येती. तेव्हा लोकल ऑफ. पण लॅपटॉप काढला की आठवणीनं ऑन, नाहीतर पट्ट्या दाबताय आन् आवाजच नाही, आणि कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर. लॅपटॉपवर आवाज उशिरा येऊ नये म्हणून एएसआयओ ड्रायव्हर लावा, त्याचा बफर १२८ सॅम्पलपासून सुरू करा, कडकड आली तर २५६. चार्जर लावल्यावर यूएसबीमधून घूंऽऽ येत असेल तर चार्जर काढून बघा, बंद झाली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंगच्या वायरींतून येणारी घूं. पाच पिनच्या केबलला हा त्रास सहसा नसतो, तिच्या इनला आत ऑप्टो-आयसोलेटर असतो, तो दोन यंत्रं विजेनं वेगळी ठेवतो. मला म्हणून स्टेजवर जुनी केबलच बरी वाटती.

क्लॉक (यंत्रांची लय सांगणारा ठोका) इंटरनलवर ठेवा. एक्स्टर्नलवर राहिलं आणि समोरून कुणी क्लॉक पाठवत नसेल तर अर्पेजिओ (कॉर्ड दाबली की आपोआप सुटे स्वर वाजणं), ऱ्हिदम काहीच सुरू होत नाही. ढोलकीवाला हातानं वाजवणार असेल तर सिंकच्या भानगडीतच पडू नका, तो लय वाढवणार म्हणजे वाढवणार.

मिडीत काय घ्यायचं काय नाही ते ठरवणाऱ्या फिल्टरच्या पानावर प्रोग्राम चेंज (साऊंड बदलायचा हुकूम) घेणं बंद करा, नाहीतर ऑक्टापॅडवाल्यानं किट बदलला की तुमची बासरी मधीच ट्रम्पेट होती. आफ्टरटच (पट्टी दाबल्यावर अजून दाब देणं) वापरत नसाल तर तोबी बंद, उगं केबलमधी गर्दी. सस्टेन पेडल म्हणजे मिडीत सीसी (कंट्रोलचा नंबर) ६४, उलटं चालत असेल तर पोलॅरिटी बदला, आणि कीबोर्ड चालू करताना त्याच्यावर पाय ठेवू नका. नोट अडकून बसली तर पॅनिक किंवा ऑल नोट्स ऑफ कुठंय ते अंधारात सापडलं पाहिजे, चालू गाण्यात केबल उपसायची नाही.

शेवटी सगळं बंद करून परत चालू करा, तसंच राहिलं का बघा. मिडीच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा आणि ऑक्टापॅडवाल्यालाबी पाठवून द्या, त्याच्या पॅडवर कुणी फॅक्टरी रिसेट मारला तर त्याला तिथंच बसून लावता येईल.