ताम्रपट दस्तासारखा वाचा: राणीच्या हाती सत्ता होती की नुसतं नाव, हे कसं ओळखायचं

मी अर्जनवीस आहे. नागपुरात निबंधक कचेरीच्या बाहेर टेबल टाकून खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं लिहायची, हा माझा धंदा. इतिहासाची पदवी नाही. पण एखाद्या बाईचं नाव कागदावर आलं की ते नाव तिथे काहून आलं, हे ताडायची सवय हाडात मुरली आहे. वाचनालयातून वा. वि. मिराशींनी संपादित केलेले वाकाटकांचे, म्हणजे विदर्भातल्या जुन्या राजघराण्याचे, लेख आणले तेव्हा मी ते दस्त वाचावा तसेच वाचले, आणि तसेच वाचावेत असं माझं ठाम मत झालं. तुम्हाला मध्ययुगातल्या राण्यांबद्दल खरं काही जाणून घ्यायचं असेल तर शौर्यकथा थोडा वेळ बाजूला ठेवा आणि कागद काढा.

सुरुवातीला आपल्या घरचाच कागद घ्या, प्रभावतीगुप्तेचा. ती पाचव्या शतकातली, म्हणजे काटेकोर माणसं तिला मध्ययुगात धरणार नाहीत. धरू नका, पण हात बसवायला तिच्याइतका स्वच्छ दस्त नाही. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. नवरा लवकर गेला, मुलगा लहान, राज्य तिने चालवलं. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन.

आधी एक सूचना. ताम्रपटाचं नाव बघून फसू नका. तिचा पहिला ताम्रपट ‘पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो, कारण तो पुण्यात हाती लागला. निघाला मात्र नंदिवर्धनातून. दस्त कुठे सापडला याच्याशी कर्तव्य नाही, कुठून निघाला ते बघा.

आता लिहून देणार कोण ते बघा. आमच्याकडे जुन्या कागदांत पुरुष ‘वल्द’ लावून बापाचा असतो, बाई ‘जौजे’ लावून नवऱ्याची, आणि तो गेला की ‘बेवा’. त्या एका शब्दाच्या खुणेवरून बाईची जागा कळते. प्रभावतीच्या ताम्रपटात काय आहे? सुरुवातीला वंशावळ आहे, पण वाकाटकांची नाही, गुप्तांची. घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त, त्याची ही मुलगी. मग आईचं नाव, नागकुळातली कुबेरनागा. गोत्र धारण, म्हणजे माहेरचं. त्यानंतर कुठे ‘वाकाटक महाराज रुद्रसेनाची अग्रमहिषी’, म्हणजे पट्टराणी, आणि ‘युवराज दिवाकरसेनाची जननी’. सासरच्या गादीवर बसून, सासरच्या मुलखातलं गाव देताना बाई माहेरची वंशावळ लावते! माझ्या टेबलावर असा मसुदा आला असता तर मी पेन खाली ठेवून विचारलं असतं, बाई, दीर-जेठ गप्प बसले का?

मग मिळकतीचं वर्णन. हे लोक गाळून पुढे जातात, आणि इथेच खरा ऐवज असतो. दंगुण नावाचं गाव चनालस्वामी नावाच्या आचार्यांना दिलं आहे, कार्तिक शुद्ध द्वादशीला. चतुःसीमा दिली आहे: विलवणकाच्या पूर्वेला, शीर्षग्रामाच्या दक्षिणेला, कदापिंजनाच्या पश्चिमेला, सिदिविवरकाच्या उत्तरेला. दीड हजार वर्षं झाली, चारही बाजू चोख. मिराशी दंगुण म्हणजे हिंगणघाट मानतात. चतुःसीमा लिहिता येते म्हणजे त्या मुलखात गावाची शीव ठाऊक असणारी माणसं राणीच्या हुकमात होती. वाकाटकांच्या दानपत्रांत पुढे सवलतींची लांब यादी येते: गावात शिपाई शिरणार नाहीत, फिरतीवरच्या अधिकाऱ्याला गवत, कातडं, कोळसा पुरवायचा नाही, जमिनीत ठेवा सापडला तर तोही दान घेणाऱ्याचा. ही यादी वाचताना स्वतःला विचारा: या सवलती देणाऱ्याचा शब्द शिपाई ऐकत असतील का? ऐकत नसतील तर अशी यादी कोरून उपयोग काय? राणी फक्त नावाला असती तर असल्या दस्ताचा कागदही कोणी वाया घालवला नसता, तांबं तर दूरच.

सर्वांत शेवटी शिक्का. पुणे ताम्रपटाच्या मुद्रेवर जो श्लोक आहे त्याचा भावार्थ असा: वाकाटकांचं भूषण, वंशक्रमाने राज्यलक्ष्मी लाभलेल्या युवराजाच्या आईचं हे शासन, शत्रूंवर शासन करणारं. नीट बघा, इथे तिचं नाव नाही. आत मजकुरात माहेरचा एवढा थाट, आणि मुद्रेवर ‘युवराजाची आई’. मला यात तिचं शहाणपण दिसतं. मुद्रा सगळे बघतात, मजकूर वाचणारे थोडे.

याला सातबाऱ्यावरचा शब्द आहे, अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप मेला, पोरगं लहान, तर पोराच्या नावापुढे आईचं नाव अ.पा.क. म्हणून चढतं. सत्ता आईची, हक्क पोराचा. मध्ययुगातल्या निम्म्या राण्या याच रकान्यात सापडतील. गढ्याची दुर्गावती, जिच्या नावाच्या चौकातून नागपूरकर रोज जातात, ती मुलगा वीरनारायण याच्या नावाने राज्य करत होती आणि 1564 मध्ये अकबराच्या फौजेशी लढताना गेली. देवगडच्या गोंड घराण्यातली रतनकुंवर हिने चांद सुलतान वारल्यावर मुलांच्या हक्कासाठी रघुजी भोसल्यांना बोलावलं, मदतीचा मोबदला राज्यातून द्यावा लागला, आणि थोड्याच वर्षांत नागपूर भोसल्यांचं झालं. हा काळ अठराव्या शतकाचा, पण रकाना तोच.

अ.पा.क. बाईच्या बाबतीत नेहमी एक शंका येते: सही तिची, पण सांगणारा कोण? हक्कसोडपत्रावर सही करायला बहिणी येतात तेव्हा मी भाऊ बाहेर चहाला जाईपर्यंत थांबते आणि मग विचारते, ताई, तुम्हाला हे माहीत आहे ना? काही मान हलवतात. एकीने पदर सावरून विचारलं होतं, “न दिली सही तर काय होईल?” प्रभावतीबद्दलही हीच शंका घेतली जाते, की बापाच्या दरबारातली माणसं तिच्या आडून राज्य हाकत होती. या शंकेवर माझा उपाय सोपा आहे. दबाव संपल्यानंतरचा कागद शोधा.

तो कागद आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडलेला ताम्रपट, तिचा पुढे राजा झालेला मुलगा, दुसरा प्रवरसेन, याच्या राजवटीच्या एकोणिसाव्या वर्षाचा. रामगिरीच्या स्वामींच्या पायाशी, म्हणजे रामटेकहून दिलेला. मुलगा कर्ता होऊन गादीवर आहे, बाप कधीचाच गेलेला, ती स्वतः म्हातारी, नातवंडांची आजी. अज्ञान कोणी उरलं नाही, पालन करायचं काही कारण नाही. तरी दानपत्र ती स्वतःच्या नावाने देते आणि वंशावळ पुन्हा गुप्तांचीच. आता सांगा, हे कोण बोलतंय?

हे वाचून झालं की रामटेकला जा. गणेशपेठेतून एसटी मिळते. जो तो वर जाऊन कालिदासाचं स्मारक बघतो, फोटो काढतो, उतरतो. तुम्ही केवल नरसिंहाच्या देवळात थांबा. तिथे भिंतीत एक झिजलेला वाकाटककालीन शिलालेख आहे. तो वाचणाऱ्यांनी त्यात प्रभावतीच्या मुलीचा आणि आईच्या नावाने स्थापलेल्या देवाचा, प्रभावतीस्वामीचा, उल्लेख लावला आहे. मोबाइलचा दिवा भिंतीच्या कडेने तिरपा धरा, अक्षरं उठून दिसतात. समोरून दिवा मारला तर काही कळत नाही. भिंतीला हात मात्र लावू नका.

नगरधनला दिसतो तो किल्ला भोसल्यांच्या वेळचा. पण राज्य पुरातत्त्व खातं आणि डेक्कन कॉलेज यांनी 2015 ते 2018 या काळात तिथे उत्खनन केलं, तेव्हा प्रभावतीची मातीची मुद्रा निघाली. लंबगोल, वजन 6.40 ग्रॅम, लांबी 35.71 मिलिमीटर. वर शंख, आणि ब्राह्मी अक्षरांत तिचं नाव. ताम्रपटाच्या मुद्रेवर ‘युवराजाची आई’ असलेली बाई रोजच्या कारभाराच्या मातीवर स्वतःच्या नावाने आहे. मला विचाराल तर सगळ्या पुराव्यांत हा मातीचा तुकडा सगळ्यांत वजनदार. दानपत्र वर्षा-दोन वर्षांनी निघेल, मातीची मुद्रा उठवायचं काम रोजचं.

नाण्यांची रीत तीच, म्हणून लवकर सांगते. काश्मीरच्या दिद्दाच्या नवऱ्याच्या, क्षेमगुप्ताच्या, नाण्यावर त्याच्या नावाआधी ‘दि’ आहे. नवरा जिवंत असताना! पुढे मुलगा, मग नातू, मग 980 ते 1003 ती स्वतः. तिने नातवांना मारलं असं कल्हण सांगतो, पण कल्हणाने राजतरंगिणी हा काश्मीरच्या राजांचा इतिहास लिहिला तो 1148 च्या सुमारास. ऐकीव साक्ष. जमेस धरा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका.

आणि दुसऱ्या पक्षाचा कागद बघितल्याशिवाय तर अजिबात निकाल देऊ नका. वरंगळची काकतीय रुद्रमा 1262 ते 1289 गादीवर होती. बाप गणपतीदेवाने तिला वारस नेमलं, आणि कागदोपत्री ती ‘रुद्रदेव महाराज’, पुरुषी नावाने. देवगिरीच्या महादेव यादवाशी तिचा झगडा झाला. यादवांचा हेमाद्री लिहितो की महादेवाने आंध्रच्या राजाचे हत्ती घेतले आणि रुद्रमेला बाई म्हणून सोडून दिलं. काकतीयांच्या बाजूची कथा सांगते की तिने यादवांना देवगिरीपर्यंत पिटाळलं. भांडण एक, प्रतिज्ञापत्रं दोन. आपण मराठी माणसं यादवांचा पक्ष आपोआप आपला समजतो, तेव्हा इथे जास्तच जपून. माझं मत असं, की शत्रूला हरवता आलं असतं तर ‘बाई होती म्हणून सोडली’ हे लिहायची वेळ आली नसती. हे मत आहे, पुरावा नाही. पुरावा हवा तर नलगोंडा जिल्ह्यातला चंदुपट्लाचा 1289 चा शिलालेख बघा. रुद्रमा आणि तिचा सेनानी मल्लिकार्जुन नायक शिवलोकी गेले, त्यांच्या पुण्यासाठी दिलेल्या दानाचा तो लेख आहे. सेनानीबरोबर एका वाक्यात मेलेली राणी अंतःपुरात बसलेली नसते.

राण्या झाल्या. बाकीच्या बायकांसाठी कायद्याचा ग्रंथ हाताशी ठेवा. अकराव्या-बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. त्यात निपुत्रिक वारलेल्या माणसाच्या वारसांत पहिली पत्नी, मग मुली. मात्र अट अशी की तो भावांपासून विभक्त झालेला असावा. ती अट वाचून मला हसू आलं होतं, कारण आमच्याकडे अर्धे दावे त्याच प्रश्नावर अडतात, वाटणी झाली होती की नव्हती. स्त्रीधनाबाबत तो त्याहून मोकळा: वारशाने, खरेदीने, वाटणीत, ताब्याने किंवा सापडून आलेलं, तेही बाईचंच. मुलीला जन्माने हिस्सा देशभर यायला हिंदू वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती लागली. म्हणून बाराव्या शतकातल्या एखाद्या विधवेने जमीन दान दिल्याचा लेख दिसला तर लगेच ‘केवढी पुढारलेली’ म्हणू नका. आधी नवरा विभक्त होता का, मुलगा होता का, ते शोधा.

आणि ज्यांच्याजवळ द्यायला जमीनच नव्हती त्यांचं काय? त्यांच्यासाठी पुन्हा रिद्धपूर. प्रभावतीचा ताम्रपट जिथे मिळाला तेच गाव तेराव्या शतकात गोविंदप्रभूंचं, महानुभावांचं. त्याच पंथातल्या महदाइसेने धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, रचले ते तिथेच. ती विधवा होती. चक्रधर स्त्रियांचा विटाळ मानत नसत, म्हणून अशा कितीतरी बायका पंथात उजळ माथ्याने वावरल्या. पंथातल्या केशिराजबासांना संस्कृतात लिहायचं होतं तेव्हा पंथाचे आचार्य नागदेव यांनी त्यांना अडवलं, की त्याने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. कोणत्या भाषेत लिहायचं हे म्हाताऱ्यांकडे बघून ठरलं, एवढा अधिकार त्या म्हाताऱ्यांचा होता, शिक्क्याविना.

लीळाचरित्र घ्या आणि पहिल्या वाचनात तत्त्वज्ञान सोडून द्या. वहीत चार रकाने आखा: नाव, कोणाची कोण, काय विचारलं, काय उत्तर मिळालं. बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा अशी नावं उतरत जातील. दुसऱ्या रकान्यात आबाइसेपुढे नागदेवाची आई, उमाइसेपुढे बहीण असं येईल. ते लिहा, आणि मग तिसरा रकाना सावकाश भरा, कारण महदाइसेचा तिथे मावत नाही. तिच्यासाठी वहीचं वेगळं पान ठेवा.