क्रॉस स्टिचचं कापड घेताय? रंग नंतर बघा, आधी घरं मोजा

दुकानात जाऊन नुसतं "क्रॉस स्टिचचं कापड द्या" म्हटलं की बऱ्याचदा समोरचा मॅटीचा, म्हणजे घरं दिसणाऱ्या जाडसर विणीच्या कापडाचा, एक मीटर फाडून हातात ठेवतो, आपणही रंग छान आहे म्हणून घेऊन येतो आणि महिनाभर डोळे फोडून भरल्यावर कळतं की काहीतरी गंडलंय. माझा पहिला गणपती असाच गेला. चार्टमध्ये छान उभट होता, माझ्या कापडावर असा आडवा पसरला की घरात सगळे हसले. टाका एकही चुकला नव्हता हो, कापडच चुकलं होतं.

तर काउंट म्हणजे काय ते आधी बघू, कारण सगळा खेळ त्याचाच आहे. एका इंचात जेवढी घरं, म्हणजे टाक्याचे चौकोन, तेवढा काउंट. आयडा नावाचं जे कापड मिळतं त्यात धागे गटागटाने विणलेले असतात, त्यामुळे स्वच्छ चौकोन दिसतात आणि चारी कोपऱ्यांना सुई घालायला भोकं असतात, एका चौकोनात एक फुली, बास. ११, १४, १६, १८ हे नेहमीचे काउंट. आकडा वाढला की घर लहान होतं आणि चित्रही लहान होतं, इथे नवीन लोक हमखास उलटं समजतात.

चित्र केवढं होणार हे घरी बसून काढता येतं, टाक्यांना काउंटने भागायचं. समजा डिझाइन ११२ बाय १४० टाक्यांचं आहे, तर १४ काउंटवर ते ८ बाय १० इंच होईल, ११ वर साधारण सव्वादहा बाय पावणेतेरा, १८ वर जेमतेम सव्वासहा बाय पावणेआठ. तेच चित्र, तेवढेच टाके! आणि कापड तेवढंच कापू नका, चारी बाजूंनी ३-३ इंच जास्त धरा, म्हणजे ८ बाय १० साठी १४ बाय १६ चा तुकडा. फ्रेमवाल्याला मागे दुमडून ताणायला कापड लागतं, नाहीतर मग भरलेलाच भाग आत जातो.

पहिल्यांदा करत असाल तर गपचूप १४ काउंटचा पांढरा नाहीतर क्रीम आयडा घ्या. सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर काढायचे, बोथट टोकाची २४ नंबरची टॅपेस्ट्री सुई घ्यायची. लहान मुलांना शिकवायचंय किंवा चष्म्याचा नंबर वाढलाय तर ११ काउंट, पण तिथे तीन पदर घ्या, दोनात खालचं कापड फटीफटीतून दिसतं. १८ काउंट दिसतो फार नाजूक पण रात्री ट्यूबलाइटखाली करायचं काम नाही ते.

आयडा हाताला कडक लागतो म्हणून काहीजणी नाक मुरडतात. खळ असते ती, धुतल्यावर बराच मऊ होतो, आणि भरताना तो कडकपणा खरं तर उपयोगीच पडतो. टेबलक्लॉथसारखं काही करायचं असेल, जिथे कापड छान पडायला हवं, तिथे इव्हनवीव्ह (उभे-आडवे धागे सारखे मोजून विणलेलं कापड) किंवा लिनन बघा. त्यात चौकोन नसतात, सुटे धागे मोजायचे आणि साधारण दोन धाग्यांवरून एक फुली घालायची, म्हणून २८ काउंटच्या इव्हनवीव्हवर चित्र १४ च्या आयडाएवढंच येतं. चेहऱ्याबिहऱ्यात पाव टाके, म्हणजे कोपऱ्यापासून घराच्या मध्यापर्यंतचे छोटे टाके, असतील तर यावर सोपे जातात, आयडात चौकोनाच्या मधोमध सुई खुपसत बसावं लागतं. लिननमध्ये मात्र धागे जाड-बारीक असतात, पहिल्या कामाला नकोच.

आता मॅटी. स्वस्त आहे, रंग भरपूर आहेत, तोरण, कुशन, रुखवतातले रुमाल यासाठी मी अजूनही तीच घेते. अडचण एवढीच की उभे आणि आडवे धागे सारखे असतीलच असं नाही. आडव्या इंचात १२ घरं आणि उभ्या इंचात १४ असली तर १०० बाय १०० टाक्यांचा चौकोन सव्वाआठ इंच रुंद आणि सात इंच उंच होतो, माझ्या गणपतीचं हेच झालं होतं. म्हणून पर्समध्ये छोटी पट्टी ठेवा, दुकानातच एक इंच आडवा मोजा, एक इंच उभा मोजा, लाजू नका. किनारीच्या वेलबुट्टीला एखाद्या घराचा फरक चालतो, पण देव, माणसं, गोल आकार असतील तर अजिबात नाही. आणि सुती मॅटी आधी धुवून इस्त्री करून घ्या, नंतर आटली तर सगळं भरलेलं गोळा होतं.

कुर्त्यावर किंवा ओढणीवर फुल्या घालायच्या असतील तर वरून वेस्ट कॅनव्हास (नंतर काढून टाकायचं जाळीदार कापड) टाचून त्यावर भरा आणि शेवटी ओला करून त्याचे धागे एकेक ओढून काढा. कर्नाटकातलं कसुती भरतकाम करणाऱ्या बायका साडीचेच धागे मोजून करतात, त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

काळं कापड सगळ्यांनाच आवडतं, पण भोकं दिसत नाहीत. घेतलंच असेल तर मांडीवर पांढरा पंचा पसरा, भोकं पटकन दिसतात, आणि बसा दिवसा खिडकीपाशी. बाकी कुठलंही कापड असो, कापल्याबरोबर कडा दुमडून कच्चा टाका घाला किंवा मशीनवर झिगझॅग मारा, सेलोटेप लावू नका, तिचा गोंद कापडावर राहतो. आणि रात्री काम ठेवताना कापड ताणून धरणारी रिंग काढून ठेवा, तिचा गोल वळ पडला की इस्त्रीलाही दाद देत नाही.