लेनालिडोमाइडची पहिली कॅप्सूल घेण्याआधी घरात करायची तयारी

मल्टिपल मायलोमाचं, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरचं, निदान झालं की डोळ्यांसमोर सलाईन आणि वॉर्ड येतो. डॉक्टर लेनालिडोमाइडची कॅप्सूल लिहून देतात तेव्हा घरच्यांना हायसं वाटतं, आणि वाटायलाच हवं. पण वॉर्डात जे काम सिस्टर करतात, ते आता घरच्या माणसांवर येतं. औषधाची वेळ, ताप, रक्ताचे रिपोर्ट, कोणी कशाला हात लावायचा, सगळंच. ही तयारी औषध सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यातच झालेली बरी.

आधी रिपोर्ट गोळा करा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतं ते दाखवणारी तपासणी), थायरॉइड आणि हिपॅटायटिस बी. हिपॅटायटिस बीची तपासणी राहून गेली असेल तर स्वतःहून विचारा, कारण शरीरात दबून असलेली ही कावीळ या औषधावर पुन्हा उसळू शकते. क्रिएटिनिन तर फारच महत्त्वाचं. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड मंद चालत असेल तर डोस कमी करावा लागतो. मायलोमा मुळातच मूत्रपिंडाला त्रास देणारा आजार आहे. म्हणून औषधांचा डबा उपडा करा आणि कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बाजूला काढा. काढे, भस्मं, शेजाऱ्यांनी सुचवलेली चूर्णंही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय चालू ठेवू नका. दुखणं खरंच असतं, ते सोसत बसायला कोणी सांगत नाही. त्यावरची गोळी मात्र डॉक्टरांकडूनच घ्या.

पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार आहे का, हेही आत्ताच विचारा. हे औषध बरेच महिने चालल्यावर रक्तातून पुरेशा मूळपेशी गोळा करणं अवघड जाऊ शकतं, म्हणून त्या कधी गोळा करायच्या हे डॉक्टरांना आधीपासून ठरवावं लागतं.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. लेनालिडोमाइड हे थॅलिडोमाइडच्या रेणूत बदल करून तयार झालेलं औषध आहे. थॅलिडोमाइड १९५७ साली पश्चिम जर्मनीत झोपेचं औषध म्हणून विक्रीला आलं, गरोदर बायकांना मळमळीवरही दिलं गेलं, आणि १९६१ साली मागे घेतलं जाईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं हातापायांत आणि इतर अवयवांत व्यंग घेऊन जन्मली. त्यामुळे घरात कोणी गरोदर असेल, किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर तिने या कॅप्सूलला हातही लावू नये. सासऱ्यांच्या गोळ्या रोज सूनबाईच काढून देत असतील तर हे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवा, आणि त्याचं कारण तिला स्पष्ट सांगा. देणाऱ्याने शक्यतो हातमोजे घालावेत आणि नंतर हात धुवावेत. कॅप्सूल फोडायची, चावायची किंवा दुधात मिसळायची नाही. पाण्याबरोबर अख्खी गिळायची. रुग्ण स्त्री असेल आणि पाळी अजून गेलेली नसेल, तर सुरुवातीआधी गरोदरपणाच्या चाचण्या कराव्या लागतात आणि खात्रीची गर्भनिरोधक साधनं औषधाच्या चार आठवडे आधीपासून लागतात. पुरुष रुग्णाच्या वीर्यातही औषध उतरतं. जोडीदाराला दिवस राहण्याची शक्यता असेल तर नसबंदी झालेली असली तरी निरोध वापरायचा, औषध थांबल्यावर आणखी चार आठवडेसुद्धा. तेवढाच काळ रक्तदानही बंद. हा विषय काढायला आपल्या घरांत अवघड जातं हे मला ठाऊक आहे, तरी काढाच.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. मायलोमात नेहमीची पद्धत म्हणजे २१ दिवस रोज एक कॅप्सूल, मग ७ दिवस विश्रांती. त्याबरोबर बहुधा आठवड्यातून एकदा डेक्सामेथासोन (डेक्सा) हे स्टेरॉइड. एमडीएसमध्ये, म्हणजे अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याच्या आजारात, वेळापत्रक वेगळं असू शकतं, म्हणून तुमच्या चिठ्ठीवरचंच लिहा. डेक्साच्या दिवशी साखर वाढते आणि रात्री झोप उडते, तेव्हा ती सकाळी खाल्ल्यावर द्या आणि मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर घरात ठेवा. कॅप्सूल राहून गेली आणि १२ तासांच्या आत आठवलं तर घ्यायची. त्याहून उशीर झाला तर ती सोडायची, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

औषध काम कसं करतं तेही थोडं समजून घ्या, म्हणजे वारंवार रक्त का तपासतात ते पटेल. पेशीतल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला ते चिकटतं, आणि मायलोमाच्या पेशींना जगायला लागणारी इकारोस व आयोलोस ही प्रथिनं मोडली जातात. शिवाय शरीराच्या स्वतःच्या टी आणि एनके या रोगप्रतिकारक पेशी जोमाने लढायला लागतात. पण अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही यात कमी होतात. म्हणून पहिले दोन महिने बहुधा दर आठवड्याला सीबीसी. जवळची लॅब आधीच ठरवा आणि रिपोर्ट एकाच फाइलीत तारखेनुसार लावा.

डिजिटल थर्मामीटर आणा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करून निघायचं. तो नंबर फ्रिजच्या दारावर चिकटवा.

रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही तितकाच खरा आहे, विशेषतः डेक्साबरोबर. ॲस्पिरिन घ्यायची की पोटात टोचायचं हेपरिनचं इंजेक्शन, हे ठरल्याशिवाय पहिली कॅप्सूल घेऊ नका. एका पायाला सूज येऊन पोटरी दुखली, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, तर थेट इमर्जन्सी. एसटीने लांबून तपासणीला येत असाल तर बस थांबेल तिथे उतरून चालायचं, पाणी पीत राहायचं.

हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिडही सुरू होणार असेल तर किडके दात आधी दाखवून घ्या, कारण नंतर दात काढल्यास जबड्याचं हाड भरून येत नाही असं होऊ शकतं. जुलाब, बद्धकोष्ठता, अंगावर पुरळ, पायात गोळे यांवरची औषधं आधीच विचारून ठेवा.

खर्चासाठी रेशन कार्ड, आधार आणि उत्पन्नाचा दाखला हाताशी ठेवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हे औषध बसतं का, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. हॉस्पिटल धर्मादाय असेल तर तिथल्या समाजसेवा विभागालाही भेटा. भारतीय कंपन्यांची जेनेरिक लेनालिडोमाइड मिळतात आणि त्यांच्या किमतींत फरक असतो, तेव्हा चौकशी करायला संकोच नको. पुढच्या महिन्याचा साठा विश्रांतीच्या सात दिवसांतच आणा. डोस बदलून कॅप्सूल उरल्या तर दुसऱ्या रुग्णाला देऊ नका, कचऱ्यातही टाकू नका; पुढच्या तपासणीला जाताना हॉस्पिटलच्या फार्मसीत परत द्या.