होपी मडक्यावरची झुनी छाप कशी ओळखावी

होपी आणि झुनी या अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या दोन मूळनिवासी जमाती. 'पाऊसपक्षी (आकडेदार पिळाची पक्ष्याची नक्षी) दिसला की मडकं झुनी' हा सल्ला पहिल्यांदा डोक्यातून काढा. 1860च्या दशकात दुष्काळ आणि देवीची साथ अशी दोन्ही संकटं कोसळली, तेव्हा ॲरिझोनातली बरीच होपी कुटुंबं न्यू मेक्सिकोत झुनींच्या आश्रयाला गेली. परतली ती तिथलं वळण हातात घेऊन. त्यामुळे नक्षी झुनी पण घडवणारी होपी, अशी मडकी भरपूर. नक्षीवरून गाव ठरवू नका.

आधी अंग बघा. पिवळसर-नारिंगी, घोटलेल्या मातीवरच थेट रंगकाम असेल तर ते बहुधा सिक्याट्की या जुन्या, ओसाड पडलेल्या होपी गावच्या वळणाचं. 1890च्या दशकात होपी मुलखातल्या हानो गावच्या नाम्पेयो या कुंभारणीनं पुन्हा चालू केलं ते हेच. झुनी शोध इथेच थांबवा.

अंग पांढरं असेल तर मात्र निवांत बसा, खरी गोची इथेच आहे. झुनी घागर पांढरी, आणि 19व्या शतकातली पोलाका प्रकारची होपी घागरही पांढरीच. आता लेप तपासा. पोलाकावरचा पांढऱ्या मातीचा लेप आतल्या मातीइतकाच आकसत नाही, म्हणून अंगभर बारीक भेगांची जाळी पडते. झुनी लेप सहसा असा तडकत नाही. फोटो मोठा करा, खांद्यावरची एक काळी रेघ धरा आणि तिच्यावरून सावकाश नजर फिरवा. भेगेनं रेघही कापलेली हवी, कारण रंग भाजण्याआधीचा असतो. काळा रंग भेगांत उतरलेला दिसला, तर नंतर कुणीतरी हात मारलाय. ती वस्तू सोडा. मळाच्या रेषांनाही फसू नका. तिरप्या उजेडात भेगेला कड दिसते, मळाला नाही. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोवर मी मत देत नाही, विकणाऱ्यानं कितीही गळ घातली तरी.

मग बूड: 1850नंतरच्या झुनी घागरीचं बहुधा काळपट तपकिरी.

नक्षी सगळ्यात शेवटी. पाऊसपक्ष्याचा आकडेदार पीळ जाळी पडलेल्या लेपावर असेल, तर हात होपी आणि उसनवारी झुनीची. सही शोधत बसू नका, त्या काळी कुणी करत नसे.

सरावाला वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातला स्टीव्हन्सन या संशोधक दांपत्याचा संग्रह घ्या. 1879पासून गोळा केलेली दोन्हीकडची मडकी त्यात आहेत. नोंदीतलं गावाचं नाव झाकून आधी स्वतः ठरवा, मग वाचा.