आपल्या शहरातील एफएम केंद्राचा इतिहास कसा लिहावा

जळगाव किंवा धुळ्यातील एखाद्या एफएम केंद्राचा इतिहास लिहू पाहणारा माणूस सहसा प्रथम केंद्राच्या कार्यालयात जातो आणि जुन्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग मागतो. तेथे फारसे काही हाती लागत नाही, कारण परवान्याच्या अटींनुसार खासगी केंद्राला प्रसारित कार्यक्रमांचे रेकॉर्डिंग तीन महिनेच जपून ठेवावे लागते. दहा वर्षांपूर्वीची एखादी सकाळ कुठे उरली असेलच, तर ती श्रोत्यांच्या आणि जाहिरातदारांच्या घरी. म्हणून शोध तिकडूनच सुरू करावा.

त्याआधी काळाची चौकट पक्की करून घ्यावी. भारतात आकाशवाणीचे एफएम प्रसारण १९७७ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये सुरू झाले, पहिले खासगी केंद्र २००१ मध्ये बंगळुरूत आले आणि जळगाव-धुळ्यासारख्या शहरांना खासगी एफएमची दारे प्रामुख्याने २००५ च्या, खासगी एफएम परवान्यांच्या दुसऱ्या टप्प्याच्या सरकारी धोरणामुळे उघडली. कोणी १९९० मध्ये जळगावात एफएम ऐकल्याचे सांगितले, तर ती बहुधा आकाशवाणीच्या मध्यमलहरी प्रसारणाची आठवण असते. ती टाकून देऊ नये. वेगळ्या पानावर लिहून घ्यावी.

केंद्राचा माग नावापेक्षा लहरीच्या आकड्यावरून (फ्रिक्वेन्सीवरून) काढावा. मालकी बदलली की पाटीवरचे नाव आणि जिंगल बदलते, पण श्रोत्याच्या बोटाला सवय असते ती आकड्याची.

सुरुवातीच्या तारखेबाबत मी स्वतः चुकलो आहे. एका शहराच्या केंद्राविषयी लिहिताना तीन श्रोत्यांनी एकच महिना सांगितला आणि मी तो छापला. पुढे कळले, की तो चाचणी प्रसारणाचा काळ होता. त्या दिवसांत निवेदक नसे, नुसती गाणी वाजत. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारतो, ‘गाण्यांच्या मध्ये कोणी बोलत होते का?’ या एका प्रश्नाने निम्मा घोळ मिटतो.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र बाजारपेठेत असतो. रेडिओच्या जाहिरातीचा दर सहसा दहा सेकंदांवर ठरतो, त्यामुळे कापड दुकानदाराच्या किंवा सराफाच्या जुन्या बिलावर तारीख, जाहिरातीची लांबी, दिवसाला किती वेळा आणि कोणत्या कार्यक्रमात हे सारे लिहिलेले सापडू शकते. अशी चार-पाच बिले एकत्र ठेवली, की बंद पडलेल्या कार्यक्रमांची नावे आणि वेळा आपोआप उलगडू लागतात. दिवाळी आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीची बिले अवश्य मागावीत, कारण खरेदीच्या हंगामात जाहिराती वाढतात. आयकर विवरणासाठी बांधलेले गठ्ठे दुकानाच्या माळ्यावर असतात. शेठजींना घाई नसेल अशी दुपार गाठावी आणि बिलांचे फोटो काढून मूळ कागद तेथेच परत ठेवावेत.

श्रोत्यांकडे जुने मोबाइल मागावेत. त्यांत एफएम लावायला इअरफोनची वायर जोडावी लागे, कारण तीच अँटेना होती, आणि काही हँडसेटमध्ये चालू कार्यक्रम रेकॉर्ड करण्याची सोय होती. मेमरी कार्ड मिळाले, तर फाइल वाजवण्याआधी तिची प्रत काढावी आणि मूळ नाव बदलू नये. फाइलवरच्या तारखेवर मात्र लगेच विश्वास ठेवू नये. बॅटरी काढल्यावर काही फोनचे घड्याळ मागे जाऊन बसे. कॅसेट असेल, तर वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडलेले आहेत का ते आधी पाहावे, नाहीतर चुकून नवे रेकॉर्डिंग चढते.

मुलाखतीत ‘आठवण सांगा’ असे म्हणू नये, नेमके विचारावे. निवेदक खानदेशी बोलीत ‘का भो’ म्हणत असे की शुद्ध पुस्तकी बोले? अहिराणी गाणे रोज लागे की फक्त श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाच्या दिवसांत? खरखर कोणत्या गावापुढे सुरू होई? एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जात असल्याने डोंगराआड त्या क्षीण होतात, आणि अशा उत्तरांतून सातपुड्याच्या पायथ्यापासून अजिंठ्याच्या रांगेपर्यंत केंद्राच्या पोहोचीचा नकाशा काढता येतो. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नसल्याने त्या-त्या दिवशी शहरात काय घडत होते हे वाचनालयातील जुन्या दैनिकांच्या फायलींतून जोडून घ्यावे.

मिळालेल्या रेकॉर्डिंगचा प्रत्येक तुकडा किमान दोन जणांना वेगवेगळा ऐकवावा: एक त्या काळचा निवेदक, दुसरा साधा श्रोता. दोघांनी आवाज आणि कार्यक्रम कोणता सांगितला ते जसेच्या तसे लिहावे आणि मत वेगळे पडले, तर दोन्ही मते छापावीत.