ओटीटीवरचा सिनेमा घरी नीट कसा बघायचा

ओटीटीचा सिनेमा म्हणजे टाइमपास, भाजी निवडता निवडता बघायचा, असं लोक म्हणतात ना तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण 'रोमा' हा मेक्सिकन सिनेमा नेटफ्लिक्सचाच होता आणि त्याला 2019 मध्ये 3 ऑस्कर मिळाले.

तर पहिलं काम, टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग (हालचाल जास्तच गुळगुळीत दाखवणारी सोय) बंद करा, त्यानं चांगला सिनेमा पण डेली सोपसारखा दिसतो. मग ऑडिओ मूळ भाषेवर ठेवा, डबिंग नको, सबटायटल लावा.

आवाज सगळ्यात महत्त्वाचा. टीव्हीचे स्पीकर बारके असतात, साधा हेडफोन लावला तरी फरक पडतो. 'रोमा'ची सुरुवात बघा, फक्त फरशी दिसते, कुणीतरी धुतंय, पाणी येतं आणि त्या पाण्यात आभाळ दिसतं, त्यातून एक विमान जातं. ह्यात फोन वाजला की गेलं सगळं! म्हणून फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

आपला मराठी सिनेमा 'द डिसायपल' पण असाच बघा. तो नेटफ्लिक्सनं बनवलेला नाही हं, 2020 ला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पटकथेचं बक्षीस घेऊन मग 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. रात्रीच्या रिकाम्या मुंबईत शास्त्रीय गाणं शिकणारा शरद बाईक चालवतोय, कानात माई नावाच्या थोर गायिकेचं रेकॉर्ड केलेलं बोलणं आणि मागे तानपुरा, हे सगळं इतकं सावकाश चालतं की दीडपट स्पीडवर बघितलंत तर हाती काहीच लागणार नाही.

आणि शेवटी नावं यायला लागली की पुढचा शो आपोआप सुरू होतो, ते ऑटोप्ले प्रोफाइल सेटिंगमधून आधीच बंद करून टाका.