भागाकारातलं हरवणारं शून्य

४२२४ ला ६ ने भागायला सांगा. बरीच मुलं ७४ उत्तर आणतात. पाढा पाठ असतो, वजाबाकीही बरोबर असते, फक्त मधलं शून्य गळतं.

उपाय गणित सुरू करण्याआधीच करायचा. ४ मध्ये ६ जात नाही, म्हणून पहिला भाग ४२ चा. त्यानंतर २ आणि ४ असे दोन अंक उरले. म्हणजे भागाकार १ + २ = ३ अंकीच येणार. भागाकाराच्या जागी पेन्सिलीने तीन टिंबं देऊन ठेवा.

आता साहा साती बेचाळीस: पहिल्या टिंबावर ७, बाकी ०. खाली २ घ्या. २ मध्ये ६ जात नाही. मुलं नेमकी इथेच घाई करून लगेच पुढचा ४ ओढतात. नियम एवढाच: एक अंक खाली घेतला की वर एक अंक लिहायचाच, भाग जात नसेल तर ०. मग २४, साहा चोक चोवीस. उत्तर ७०४.

शेवटचं शून्य तर जास्तच फसवतं. ८४५ भागिले ६: भागाकार १४०, बाकी ५. शेवटचा ५ खाली आला की ‘ही तर बाकीच’ म्हणून मुलं १४ वर थांबतात. ताळा करा: १४ × ६ + ५ = ८९. कुठे ८४५!

चौकटीच्या वहीत एका चौकटीत एकच अंक लिहिला, तर रिकामी चौकट लगेच डोळ्यात भरते.